ईस्टरला पणजीला जायचंय? सांगलीकरांसाठी गुरुवार ते सोमवारचं सगळं प्लॅनिंग, पोरांसकट आणि पोटासकट

गोव्याला जायचं म्हटलं की आपल्याकडं सगळ्यांच्या डोक्यात एकच टाईमटेबल असतंय, बीच, क्रूझ, काजू खरेदी, परत. ईस्टरला गेला तर हे बाजूला ठेवा. बीच काय कुठं पळून जात नाही, पण तेवढंच केलं तर लाँग वीकेंडची गर्दी बघून याल आणि ईस्टर राहूनच जाईल, कारण येशू थडग्यातून परत उठला त्याचा हा सण नुसत्या रविवारचा नाहीच. गुरुवारी संध्याकाळी चालू होतो, शुक्रवारी सगळं गाव गप्प होतं, शनिवारी रात्री काळोखात दिवे लागतात आणि मग रविवारी जेवण. बहुतेक लोक शुक्रवार-शनिवार बीचवर काढतात आणि रविवारी दुपारी बुफे शोधत फिरतात, त्यांना वाटतं काय एवढं, ख्रिसमसच बरा होता की. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच, शुक्रवार चुकवू नका. शुक्रवारी गप्प बसला नाही तर रविवारच्या ताटाला चव नाही.

तारीख कशी काढायची

ईस्टर दरवर्षी सरकतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळं तो 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मधेच कुठंतरी पडतो. चर्च आपल्या ठरलेल्या तक्त्यातली पौर्णिमा धरतं म्हणून कधीकधी आपल्या पंचांगाशी एखादा दिवस इकडं तिकडं होतो, पण ढोबळमानानं होळीची नाहीतर चैत्राची पौर्णिमा धरून चाला. 2026 ला 2 एप्रिलला हनुमान जयंती, 3 ला गुड फ्रायडे, 5 ला ईस्टर. 2027 ला तो होळीच्या पौर्णिमेनंतर म्हणजे 28 मार्चला आहे आणि 2028 ला 16 एप्रिलला. आता यात आईबापांनी काय बघायचं ते कळलंच असेल, पोरांची वार्षिक परीक्षा. मार्चअखेरचा ईस्टर असेल तर शाळेचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय एक रुपयाचं बुकिंग करू नका.

गुड फ्रायडेची सुट्टी सगळीकडं असते म्हणून शुक्रवार-शनिवार-रविवार अख्खं पुणं-मुंबई-बेंगलोर गोव्यात उतरतं आणि रूमचे रेट चढतात. दोनेक महिने आधी बुकिंग करा, आणि रूम पणजीतच घ्या, फोंतान्यास, आल्तिनो, मिरामार, जिथं मिळेल तिथं. कळंगुटला स्वस्त मिळाली तरी नको. कारण सांगतो, शनिवारी रात्रीची प्रार्थना संपायला बारा वाजू शकतात, गोव्यात ओला-उबर चालत नाही, आणि झोपलेलं पोरगं खांद्यावर घेऊन टॅक्सी शोधण्यात काही मजा नाही. पणजीत राहिलं की चर्चमधून पायी रूमवर.

जायचं कसं

सांगली-मिरजकरांना रेल्वेचा फार मोठा फायदा आहे आणि आपण तो वापरत नाही. निजामुद्दीन-वास्को गोवा एक्सप्रेस पुणे, सातारा, मिरज, बेळगाव करत जाते, म्हणजे सातारकरांनाही तीच गाडी. लोंढ्यानंतर कॅसलरॉक ते कुळे हा घाट आहे, दूधसागर याच पट्ट्यात, एप्रिलमध्ये धबधब्याला पाणी फारसं नसतं पण बोगदे मोजायला पोरांना पुरेसे आहेत. मडगावला उतरायचं, तिथून पणजी तीस-पस्तीस किलोमीटर, कदंबाची म्हणजे गोव्याच्या एसटीची नॉनस्टॉप बस मिळते. तिकीट मात्र रिझर्व्हेशन उघडलं की लगेच काढा, नंतर वेटिंगला बसाल.

गाडीनं जाणार असाल तर दोन वाटा, एक मिरजेवरनं निपाणी-बेळगाव करून चोर्ला घाट, दुसरी कोल्हापूर-आजरा-आंबोली-सावंतवाडी-बांदा. दोन्ही अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतात. मला आंबोलीची आवडते कारण पोरांना गाडी लागली तरी थांबायला जागा आहेत. गुरुवारी पहाटे निघा, दुपारच्या जेवणाला पणजी. शुक्रवारी सकाळी निघू म्हणाल तर गर्दीत सापडाल, आणि वर गुरुवारची संध्याकाळ बुडेल ती वेगळीच.

बॅगेत काय टाकायचं, तर एक जोडी अशी की खांदे आणि गुडघे झाकले जातील, प्रत्येकाची. पांढरा किंवा साधा रंग गुरुवार-शुक्रवारसाठी बरा, रविवारी भडक चालतंय. सुती रुमाल जास्तीचे घ्या, पणजीचा उकाडा आपल्यासारखा कोरडा नाही, चिकचिक नुसती. आणि कुणाच्या घरी जेवायला जायचा योग असेल तर इथनं भडंग, तासगावचे बेदाणे, हळद असं काहीतरी न्या, सातारकर असाल तर कंदी पेढे. तिकडं केकचे ढीग असतात, तुमचा केक कुणाला नकोय, भडंगाचा डबा मात्र दहा मिनिटांत रिकामा होतो.

गुरुवार: पाय धुण्याची संध्याकाळ

पणजीतलं मुख्य चर्च म्हणजे ते नागमोडी पायऱ्यांचं पांढरं, मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शनचं. 1541 ला इथं छोटं चॅपेल होतं, 1619 ला मोठं चर्च उभं राहिलं. तिथं पोचल्यावर पहिलं काम, बाहेरच्या नोटीस बोर्डावरचं पवित्र आठवड्याचं वेळापत्रक मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. वेळा दरवर्षी बदलू शकतात आणि कोकणी, इंग्लिश अशा वेगवेगळ्या भाषेतल्या प्रार्थनांच्या वेळाही वेगळ्या असतात. मी म्हणेन कोकणीतली धरा, मराठी कानाला अर्धं तरी समजतंच आणि गाणी तर जास्तच समजतात.

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक लोकांच्या मुख्य उपासनेत, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण असते, फादर बारा जणांचे पाय धुतात. पोरांना हे बघायला आवडतं कारण ते डोळ्यांना दिसतं, प्रवचनासारखं नुसतं ऐकायचं नसतं. याच मिस्सेत एकदा घंटा वाजतात आणि मग थेट शनिवारी रात्रीपर्यंत बंद. मधल्या दिवसांत घंटेऐवजी मात्राक म्हणजे लाकडी खडखडणारं वाद्य वाजवतात. पणजीच्या चर्चमधली घंटा गोव्यातली दुसऱ्या नंबरची मोठी, ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, मठ पडला तशी ती आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि 1871 पासून पणजीत आहे. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे दोन दिवस ती घंटा वाजत नाहीये हे त्यांच्या लक्षात राहतं आणि शनिवारी रात्री त्याची वाट बघतात.

मिस्सेनंतर वेदीवरचं सगळं कापड, फुलं काढून घेतात, वेदी उघडी बोडकी. बरेच लोक रात्री उशिरापर्यंत एका बाजूच्या वेदीपाशी शांत बसून राहतात, तुम्हीही पाच-दहा मिनिटं बसा, कोणी काही म्हणत नाही.

चर्चमधले नियम इथंच सांगून टाकतो, परत परत नको. चपला बाहेर काढायच्या नसतात. फोन सायलेंट, फोटो नाही, व्हिडिओ तर नाहीच, आणि तुमच्या पुढचा कोणी काढत असला तरी तुम्ही काढू नका. मागच्या बाकावर कडेला बसायचं, म्हणजे पोर रडलं तर उठून जाता येतं. सगळे उभे राहिले की उभं, बसले की बसायचं, गुडघे टेकायची सक्ती नाही. शेवटाकडं लोक रांगेनं पुढं जाऊन ती पांढरी चकती घेतात, ते कम्युनियन, ते फक्त कॅथलिक लोकांसाठी असतं, तिथं आपण जागेवर बसून राहायचं. आपल्याकडचे लोक तिथं प्रसाद समजून रांगेत लागतात, हेतू वाईट नसतो पण ज्यांच्यासाठी ते पवित्र आहे त्यांना वाईट वाटतं.

शुक्रवार: काही नाही करायचं

या दिवशी मिस्सा नसतेच. दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे येशूनं प्राण सोडला ती वेळ धरून, प्रार्थना असते, त्यात दुःखभोगाची कथा वाचतात, मग मोठा क्रूस पुढं आणतात आणि लोक एकेक करून त्याला नमन करतात. नंतर बऱ्याच ठिकाणी मृत येशूच्या मूर्तीची मिरवणूक निघते, मागं काळ्या कपड्यातली माणसं, ढोल-ताशा नाही, जुनी विलाप-गाणी. रस्त्यावर मिरवणूक आली तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, उभे रहा. बस.

कॅथलिक लोक या दिवशी उपास करतात, 18 वर्षांपासून साठीपर्यंत उपास आणि 14 च्या पुढच्या सगळ्यांना मांस वर्ज्य. मासे चालतात. घरी पेज आणि लोणचं, खारं एवढ्यावर भागवणारे पुष्कळ. गंमत म्हणजे याच दिवशी घराघरात रविवारचं सोरपोतेल म्हणजे पोर्कचं आंबटतिखट कालवण शिजून तयार असतं, कारण ते दोन-तीन दिवस मुरल्याशिवाय चव धरत नाही, म्हणजे वास घरभर आणि ताटात पेज! ज्यानं एकादशीला साबुदाण्याच्या नावाखाली दुप्पट खाल्लंय त्यानं जरा हे बघावं.

तर आपण काय करायचं. मी सुचवेन की मोठ्यांनी दुपारपर्यंत हलकं खावं, पेज, माशाची आमटी-भात, आणि सकाळी बेकरीतून हॉट क्रॉस बन आणावेत, ते याच दिवसाचं खाणं. वर मैद्याच्या खळीनं क्रूस काढलेला मसालेदार गोडसर बन, लोणी लावून गरम खायचा. फोंतान्यासमधली कॉन्फेतारिया 31 द जनेरो ही जुनी बेकरी प्रसिद्ध आहे, पण कुठल्याही चांगल्या बेकरीत सकाळी लवकर गेलात तर मिळतील. पोरांना जेवू घाला व्यवस्थित, त्यांना उपासातून सूट आहे.

संध्याकाळी मिरामारला जाऊन वाळूत बसायला काही हरकत नाही, शांतपणे. मोठ्या आवाजात गाणी, बीअरचे डबे, रील असलं काही शुक्रवारी पणजीत करू नका, चांगलं दिसत नाही एवढंच म्हणतो.

शनिवार सकाळ: पोरांचा दिवस

सकाळ मोकळी असते. उन्हाच्या आत, आठच्या सुमाराला फोंतान्यासमधून चालत निघा, पिवळी-निळी-लाल घरं, तिथलं सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल. चॅपेलमधल्या क्रूसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, एरवी बहुतेक ठिकाणी मिटलेले असतात, हा क्रूस आधी इन्क्विझिशनच्या म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात होता. पोरांना सांगा, डोळे बघून या. आणि ही लोकांची राहती घरं आहेत, त्यांच्या पायरीवर बसून, खिडकीत हात टाकून फोटो काढू नका, लोक वैतागलेत, बोर्ड लावलेत.

तिथनं मांडवीच्या कडेला आदिलशहाचा राजवाडा, जुनं सचिवालय. मिरज जशी आदिलशाहीत होती तसाच हा भाग विजापूरचा होता, 1510 ला पोर्तुगीजांनी घेतला, म्हणजे आपलं आणि पणजीचं सरकार एकेकाळी एकच होतं की राव! इतिहासाच्या पुस्तकातलं प्रकरण पोरांना इथं उभं राहून सांगितलं की बसतं डोक्यात.

जुनं गोवं याच सकाळी करायचं असेल तर करा, से कॅथेड्रल आणि बॉम जेजूस एकमेकांसमोरच आहेत. पण एक लक्षात ठेवा, या आठवड्यात वेदी रिकाम्या आणि काही ठिकाणी मूर्ती जांभळ्या कापडानं झाकलेल्या असतात, शिवाय रात्रीची तयारी चालू असते. नेहमीसारखं फिरू देतीलच असं नाही. त्यापेक्षा सोमवारी जा, सगळं फुलांनी भरलेलं असतं.

दुपारी रूमवर अंडी रंगवायची. हे काम पोरांना इतकं आवडतं की झोपायला नको म्हणत नाहीत, झोपतच नाहीत. पांढरी अंडी घ्या, गावरान तपकिरी नको. दहा-बारा मिनिटं उकडून पूर्ण गार करा. पिवळ्यासाठी दोन चमचे हळद पाण्यात उकळायची, आणि हळद सांगलीची नेली असेल तर रंग काय येतो ते बघाच. गुलाबीसाठी बीट किसून उकळायचं, तांबूस-विटकरीसाठी कांद्याची वाळकी सालं भरपूर. प्रत्येक पाणी गाळून गार करायचं, दर कपाला एक मोठा चमचा व्हिनेगर घालायचं आणि अंडी अर्धा तास ते दोन तास बुडवून ठेवायची. आधी मेणाच्या खडूनं काही काढलं तर तेवढी रेघ पांढरी राहते. होमस्टेवाल्याला विचारून किचन वापरा, आणि त्याच्या पांढऱ्या टॉवेलला हळदीचे हात पुसायचे नाहीत, आपली जुनी बनियन न्या त्यासाठी. रंगवलेली अंडी लगेच फ्रिजमध्ये, या उकाड्यात दोन तासांच्या वर बाहेर राहिलेलं अंडं खायचं नाही.

अंडी का, तर चाळीस दिवसांच्या उपासकाळात पूर्वी युरोपात अंडी पण वर्ज्य असायची, कोंबड्या काय थांबत नव्हत्या, मग साठलेली अंडी ईस्टरला निघायची. कवच फोडून जीव बाहेर येतो म्हणून ते थडग्यातून उठण्याचं प्रतीक झालं. अंडी लपवून शोधायचा खेळ मात्र गोव्यातला जुना नव्हे, तो बाहेरून आलेला, आता हॉटेलं आणि क्लब भरवतात. पैसे भरून जायची गरज नाही, रविवारी सकाळी आठच्या आत होमस्टेच्या अंगणात तुम्हीच लपवा. चॉकलेटची लपवू नका, दहा मिनिटांत पाणी होतंय आणि मुंग्या आधी शोधतात.

शनिवार रात्र: हीच मुख्य

दुपारी पोरांना झोपवा, जबरदस्तीनं. रात्री जेवण लवकर उरका आणि चर्चला वेळेच्या अर्धा तास आधी जा.

अंधार पडल्यावर सगळे दिवे बंद. बाहेर नवीन अग्नी पेटवतात, फादर त्यावर मोठी पास्काची म्हणजे ईस्टरची मेणबत्ती लावतात, तिच्यावर क्रूस, त्या वर्षाचे आकडे आणि आल्फा-ओमेगा ही ग्रीक अक्षरं कोरलेली असतात. मग त्या एका ज्योतीवरून पुढच्याची, त्याच्यावरून त्याच्या पुढच्याची, असं करत प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती पेटते. नवखं कोणी आलंय हे शेजारच्याला दिसतं आणि तो स्वतः तुमची पेटवून देतो. मेणबत्ती चर्चपाशी मिळते, खाली कागदी कप अडकवा, पोरांच्या हातावर मेण सांडतं, आणि पुढच्या बाईच्या केसांपासून लांब धरायला सांगा.

पुढं बरीच वाचनं असतात, बायबलच्या जुन्या करारातली सातपर्यंत, जग निर्माण झाल्यापासून चालू होतात, इथं लहान पोरं लवंडतात, लवंडू द्या. मग ग्लोरिया हे देवाचं स्तुतिगीत सुरू होतं आणि सगळे दिवे एकदम लागतात, घंटा घणाणते. दोन दिवस मुकी असलेली ती मोठी घंटा. झोपलेलं पोरगं असेल तर एवढ्यासाठी उठवा.

त्यानंतर पाण्याचा आशीर्वाद, बाप्तिस्म्याची वचनं परत म्हणणं, लोकांवर पाणी शिंपडणं. पूर्ण कार्यक्रम दोन-तीन तासांचा. लहान बाळ असेल तर अग्नी आणि ग्लोरिया एवढं बघून हळूच निघा, काही बिघडत नाही. बाहेर पडल्यावर लोक एकमेकांना मिठ्या मारत हॅपी ईस्टर म्हणत असतात, कोकणीत हा सण म्हणजे पास्कांचें फेस्त. तुम्ही हसून हॅपी ईस्टर म्हटलं की झालं.

रविवार: आता खा

सकाळी सायकलवर पोदेर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून पोळी आणि उंडे घ्या (ही पोळी म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव, आपली नव्हे, पोरं फसतात). सकाळची मिस्सा आनंदाची असते, शनिवारी रात्री गेला असाल तर परत जायची गरज नाही.

दुपारचं टेबल गुरुवारीच बुक करून ठेवा. ईस्टरला बऱ्याच कॅथलिक मंडळींची हॉटेलं आणि बेकऱ्या बंद असतात, त्यांनापण घरी जेवायचं असतं की. जी उघडी असतात ती बाराला भरतात. होमस्टेवाली काकू पैसे घेऊन ताट करणार असेल तर हॉटेलचा विचारच सोडा.

ताटात काय काय असेल. सोरपोतेल म्हणजे पोर्कचं मांस आणि कलेजी बारीक चिरून, तळून, लाल मिरची-मसाल्याच्या आंबटतिखट रश्शात, आंबटपणा माडाच्या व्हिनेगरचा. त्याच्याबरोबर सान्ना, इडलीच्या गोड बहिणी, सूर म्हणजे माडी घालून फुगवलेल्या. विंदालू लसूण-व्हिनेगरचं. शाकुती भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याची, ही आपल्या जिभेला लगेच पटते कारण मटणाच्या वाटणाची ओळख आहेच. काफ्रेआल कोथिंबीर-मिरचीच्या हिरव्या मसाल्यातलं चिकन, तिखट कमी, पोरांना हेच. पोर्क खात नसाल तर शाकुती आणि काफ्रेआलवर अख्खं जेवण होतं, संकोच नको, आधी सांगा फक्त.

शाकाहारी मंडळींनी मात्र दोनदा विचारायचं. पुलाव दिसायला साधा असतो पण बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेला असतो. बटाटा चॉपच्या आत खिमा असतो, आमच्याकडच्या आजी बटाटेवडा समजून उचलतील. गोडात बेबिंका आणि बातिका दोन्हीत अंडी आहेत. बिनअंड्याचं म्हणजे दोदोल, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, ते खा निवांत, शिवाय डाळ-खोबऱ्याचं दोस आणि पेराद म्हणजे पेरूची वडी.

बेबिंका एकदा तरी ताजी खा. नारळाचं दूध, अंड्यातलं पिवळं, साखर, मैदा, तूप, जायफळ, आणि एकेक थर भाजून त्यावर पुढचा, सात थर तर हवेतच. 2023 ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय तिला. स्वस्तातली पॅकबंद घेतली तर रबर चावल्यासारखं वाटतं आणि मग लोक म्हणतात बेबिंकात काय दम नाही.

मार्च ते मे काजूचा सीझन, मोठ्यांना उर्राक मिळेल, काजूच्या रसाची पहिल्या धारेची. लिंबू-मीठ-मिरची टाकून उन्हात पटकन चढते, गाडी चालवणाऱ्यानं कोकम सरबतावर राहायचं.

जेवून झोपा. संध्याकाळी दोना पावल, पोरं जागी असतील तर मिरामारचं सायन्स सेंटर उघडं आहे का बघा. सोमवारी सकाळी जुनं गोवं करून परतीला लागा. बेबिंका, दोदोल, पेराद बॅगेतून येतं. सोरपोतेल उन्हाच्या प्रवासात आणायचा नाद करू नका.

जायला जमलंच नाही तर घरी

बन सांगलीत होतात, आणि बेदाणे तासगावचे असल्यामुळं जरा भारीच होतात. अर्धा किलो मैदा, 7 ग्रॅम ड्राय यीस्ट, पाऊण वाटीला कमी साखर, पाव चमच्याहून थोडं जास्त मीठ, दालचिनी-जायफळ पूड, एक अंडं, 50 ग्रॅम लोणी आणि मावेल तेवढं कोमट दूध, साधारण सव्वा दोनशे मिली. दहा मिनिटं चांगलं मळा, मग शंभर-दीडशे ग्रॅम भिजवून निथळलेले बेदाणे. एप्रिलच्या उन्हात तासाभरात दुप्पट होतं. बारा गोळे करून परत अर्धा तास, मग मैदा-पाण्याची घट्टसर खळ दुधाच्या पिशवीचं टोक कापून त्यातनं वर क्रूस काढायचा, हे पोरांनी. 190 डिग्रीला वीसेक मिनिटं, निघाल्या निघाल्या वर साखरेचा पाक ब्रशनं.

सान्नाला माडी कुठनं आणणार, तर यीस्ट. दोन वाट्या इडलीचा तांदूळ सहा तास भिजवून, एक वाटी ओलं खोबरं घालून शहाळ्याच्या पाण्यात बारीक वाटा, कोमट पाण्यात फुगवलेलं चमचाभर यीस्ट, दोन-तीन चमचे साखर, मीठ. तास-दीड तासात फुगतं, भांडं मोठं घ्या नाहीतर ओट्यावर येतं. इडलीपात्रात बारा-पंधरा मिनिटं. पोर्क नको असेल तर आपल्या तांबड्या रश्शाबरोबर खा, गोवेकर ओरडतील पण लागतं फर्स्टक्लास.

मार्झिपॅनची अंडी तर काजूकतली येणाऱ्याला डाव्या हातचा मळ. गोव्यात बदामाऐवजी काजूचंच करतात. दोन वाट्या काजूपूड, एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, एकतारी पाक, गोळा होईपर्यंत हलवायचं, उतरवून थोडं गुलाबपाणी, कोमट असतानाच अंड्यांचा आकार द्यायचा आणि वर साखरेच्या पाकानं फुलं.

आणि प्रार्थनेला जायचं असेल तर मिरजेत, सांगलीत, साताऱ्यात चर्च आहेतच, मिरजेत मिशनचं वानलेस हॉस्पिटल 1894 ला सुरू झालं, तेव्हापासूनची जुनी मराठी ख्रिस्ती वस्ती आहे इथं. साताऱ्यात तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 ला देवाचा दरबार ही भक्तमंडळी सुरू केली होती. इकडची बहुतेक मंडळी प्रोटेस्टंट, त्यामुळं पणजीसारखी मिरवणूक, मूर्ती असलं नसतं. गुड फ्रायडेला दुपारी येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं, ईस्टरला काही ठिकाणी अगदी पहाटे उपासना, भजनं मराठीत आणि चाली आपल्याच, टाळ-तबल्यावरच्या. आधी कुणा ओळखीच्या ख्रिस्ती मित्राला विचारून, त्याच्याबरोबरच जा.

परीक्षेमुळं ईस्टर हुकलाच आणि गोव्याला तर जायचंच आहे असं झालं, तर ईस्टरनंतर तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचं म्हणजे मेरी मातेचं फेस्त असतं. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण बहिणी अशी तिथली श्रद्धा, त्यामुळं हिंदू-ख्रिश्चन दोघंही तेल-मेणबत्त्या घेऊन रांगेत. शाळा तोपर्यंत सुटली नसेल तरी सोमवारची एक दांडी चालते, रूमचे रेटही ईस्टरपेक्षा खाली आलेले असतात. मात्र मुक्काम मग म्हापशालाच टाका आणि गाडी फेस्ताच्या जागेपासून लांब लावा.